स्वादुपिंड ‘पुन्हा सुरू’ होतं म्हणणाऱ्यांना

मधुमेहावरच्या शिबिरांतून, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून आणि पाठपोट छापलेल्या पत्रकांतून एक दावा गेली काही वर्षं सतत केला जातो आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मेल्या तरी पुन्हा तयार होतात. शरीरात ती ताकद असतेच. इंजेक्शनांनी ती दबते आणि स्वादुपिंड आळशी होतं. अमुक काढा, अमुक आहार सुरू करा, इन्सुलिन हळूहळू सोडा, स्वादुपिंड आपोआप सुरू होईल. पूर्वी हा दावा नुसत्या श्रद्धेवर चालायचा. आता त्याला संशोधनाचे दाखले जोडले जातात. उंदरांमध्ये अल्फा पेशींच्या बीटा पेशी झाल्या, आतड्यातल्या पेशींनी इन्सुलिन बनवलं, आतड्याचं अस्तर तर दर काही दिवसांनी नवं होतं, मग स्वादुपिंडाचंच का होणार नाही, असं विचारलं जातं. ऐकणाऱ्याला ते पटतं, कारण यातलं प्रत्येक सुटं वाक्य कुठल्या ना कुठल्या शोधनिबंधात खरोखर सापडतं.

म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून हात झटकणं डॉक्टरांना सोपं जातं, पण त्याने कुणाचं मत बदलत नाही. ज्या आईने असा व्हिडिओ पाहून आपल्या मुलाचं इन्सुलिन निम्म्यावर आणलेलं असतं, तिला बोलणी नको असतात, कारण हवं असतं. आणि कारण सांगायचं तर या पेशी मुळात घडतात कशा, तिथूनच सुरुवात करावी लागते.

गर्भ चौथ्या आठवड्यात असतो तेव्हा पुढे ज्यातून जठर, यकृत, आतडं घडणार अशी एक साधी नळी त्याच्यात असते. जठराच्या जागेच्या जरा खाली या नळीच्या पाठीकडच्या आणि पोटाकडच्या भिंतीतून कोंब फुटतात. पोटाकडचा कोंब पुढे वळसा घेऊन पाठीकडच्याला येऊन मिळतो आणि दोन्ही मिळून एक स्वादुपिंड होतं. या कोंबांची वाढ पीडीएक्स-1 या जनुकावर अवलंबून असते. 1994 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जन्मले, पण स्वादुपिंडाशिवाय. याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेलं मूलही स्वादुपिंडाविना जन्मल्याची नोंद 1997 मध्ये झाली.

कोंबातल्या बहुतेक पेशी पाचकरस करण्याच्या किंवा तो वाहून नेण्याच्या कामी लागतात. थोड्याच पेशी संप्रेरकांच्या वाटेला जातात. त्या वाटेचं दार उघडतं न्यूरोजेनिन-3 हे जनुक. हा क्षण जरा जवळून पाहण्यासारखा आहे. नलिकेच्या भिंतीत पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्यांतल्या एखादीत हे जनुक जोर धरतं. जोर धरताच ती पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाने शेजारणींना नॉच नावाच्या संदेशमार्गावरून रोखते. शेजारणी मागे राहतात, नलिकेतच राहून वाढतात, पुढच्या फेऱ्यांसाठी राखीव. पुढे आलेली पेशी विभाजन थांबवते, भिंतीतून सुटून बाहेर पडते आणि तशाच इतर पेशींना जाऊन मिळते. हेच पुंजके पुढे लँगरहान्सची बेटं होतात. आत आणखी एक झगडा चाललेला असतो. एआरएक्स हे जनुक वरचढ ठरलं तर पेशी ग्लुकागॉन बनवणारी अल्फा होते, पॅक्स-4 वरचढ ठरलं तर इन्सुलिन बनवणाऱ्या बीटाच्या वाटेला लागते. एवढ्यात न्यूरोजेनिन-3 बंदही झालेलं असतं. त्याचं काम दार उघडण्यापुरतं.

हे जनुक नसेल तर काय होतं? 2000 मध्ये स्ट्रासबुर्गला जेरार ग्रादवोल आणि फ्रांस्वा गिमो यांच्या गटाने ते दाखवलं. न्यूरोजेनिन-3 नसलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात पाचकरसाचा भाग व्यवस्थित होता, पण बेटांतल्या चारही प्रकारच्या संप्रेरक-पेशींपैकी एकही नव्हती. पिल्लं जन्मली आणि एक ते तीन दिवसांत मधुमेहाने मेली. याच स्ट्रासबुर्गमध्ये 1889 साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून मधुमेहाचं मूळ कुठे आहे ते जगाला दाखवलं होतं.

माणसाच्या गर्भात हे जनुक साधारण आठव्या आठवड्यापासून दिसू लागतं, पुढच्या काही आठवड्यांत शिगेला पोचतं आणि जन्माच्या सुमारास स्वादुपिंडात जवळजवळ दिसेनासं होतं. म्हणजे दार गर्भातच उघडतं आणि गर्भातच बंद होतं. जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत तयार बीटा पेशी विभागून आपली संख्या वाढवतात, मग तीही गती मंदावते. ‘शरीर सतत नव्या बीटा पेशी तयार करत असतं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने या वेळापत्रकाचं काय करायचं ते आधी सांगावं.

माणसाच्या शरीरात पेशीचं वय मोजता येत नाही, असा एक बचाव केला जातो. मोजता येतं. 1950 आणि 60 च्या दशकांत अणुबाँबच्या खुल्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-14 खूप वाढला आणि चाचण्या थांबल्यावर वर्षागणिक घटत गेला. पेशी विभागते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षाच्या हवेतला कार्बन बसतो आणि पुन्हा विभागली नाही तर तसाच राहतो. या खुणेवरून बीटा पेशी कोणत्या साली जन्मली याचा अंदाज काढता येतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासाचा निष्कर्ष असा की माणसात बीटा पेशींची लक्षात येण्याजोगी नवनिर्मिती आयुष्याच्या पहिल्या तीन दशकांपुरतीच असते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पेशींत वयाबरोबर साठत जाणाऱ्या लायपोफ्युसिन या द्रव्यावरून जवळपास हेच सांगितलं. पन्नाशीतल्या माणसाच्या बीटा पेशी बहुतांशी त्याच्या तरुणपणीच्याच असतात.

‘मग मूलपेशी कुठे गेल्या?’ हा पुढचा प्रश्न. 2004 मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेत युवाल डोर यांनी तो सरळ तपासला. प्रौढ उंदरांतल्या असलेल्या बीटा पेशींवर कायमची जनुकीय खूण केली आणि वाट पाहिली. नव्या पेशी मूलपेशींतून आल्या असत्या तर त्यांच्यावर खूण नसती आणि काळ जाईल तसं खूण असलेल्यांचं प्रमाण घटलं असतं. ते घटलं नाही. नव्या पेशी जुन्या बीटा पेशींच्याच विभाजनातून आल्या होत्या. 2008 मध्ये बेल्जियमच्या एका गटाने उंदराची स्वादुपिंडातली नलिका बांधली की न्यूरोजेनिन-3 पुन्हा चालू होऊन नव्या बीटा पेशी मिळतात, असं म्हटलं. तो निबंध आजही पत्रकांत हिरिरीने सांगितला जातो. पुढे 2013 मध्ये इतर गटांनी तेच करून पाहिलं आणि त्यांना नव्या बीटा पेशी सापडल्या नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि यातला मूळ मुद्दा टाइप 1 मधुमेह झालेल्या, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात बीटा पेशी गमावलेल्या मुलासाठी फार कठोर आहे: विभागून वाढायला आधी बीटा पेशी शिल्लक असाव्या लागतात.

आता आतड्याचा युक्तिवाद. समोरच्या बाजूचा हा सर्वांत ताकदीचा मुद्दा आहे. आतडं आणि स्वादुपिंड एकाच नळीतून येतात, हे खरं. आतड्याच्या अस्तरातही संप्रेरक बनवणाऱ्या पेशी असतात, साधारण शंभरात एक. 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना सापडलेलं पहिलं संप्रेरक, सिक्रेटिन, या आतड्यातलंच. आज ज्याच्यावरून वजनाची नि मधुमेहाची औषधं निघाली ते जीएलपी-1 सुद्धा आतड्यातल्या एल पेशींचं. या पेशी घडायलाही तेच न्यूरोजेनिन-3 लागतं. 2006 मध्ये या जनुकातल्या दोषासह जन्मलेल्या तीन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यांच्या आतड्यात संप्रेरक-पेशी जवळजवळ नव्हत्या आणि जन्मापासून न थांबणारे जुलाब होते. तोंडाने घेतलेलं अन्न त्यांच्या अंगी लागत नव्हतं.

पण आतड्यात हे सगळं रोज नव्याने घडतं, ते तिथल्या रचनेमुळे. अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि खळग्याच्या तळाशी मूलपेशी बसलेल्या असतात. लेब्लाँ आणि चेंग यांनी 1974 मध्ये उंदराच्या लहान आतड्यातल्या सगळ्या प्रकारच्या पेशी या तळातूनच येतात असं मांडलं. 2007 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर-5 या खुणेवरून त्या मूलपेशी नेमक्या ओळखून दाखवल्या. तळातली पेशी विभागते, लेकी वर सरकत जातात, वाटेत काहींमध्ये न्यूरोजेनिन-3 चालू होतं, संप्रेरक-पेशी तयार होतात आणि बहुतेक अस्तर चार-पाच दिवसांत टोकाला पोचून गळून पडतं. अन्न, आम्ल, जंतू यांच्याशी रोज घासणाऱ्या अस्तराला ही व्यवस्था लागतेच. स्वादुपिंडाच्या बेटांत असे खळगे नाहीत, तळ नाही, रोजची गळती नाही. एकाच नळीतून निघाले म्हणून दोन अवयवांचं पुढचं आयुष्य एकसारखं असावं लागत नाही. यकृतही त्याच नळीतून येतं आणि त्याची भरून येण्याची रीत तिसरीच आहे.

साम्यावरून थेट निष्कर्षावर उडी मारण्याची चूक या क्षेत्रात यापूर्वी मोठ्या माणसाकडून झालेली आहे. 1960 च्या दशकात लंडनच्या अँथनी पिअर्स यांनी पाहिलं की आतड्यातल्या, स्वादुपिंडातल्या संप्रेरक-पेशी आणि चेतापेशी यांच्यात रासायनिक साम्य फार आहे. त्यावरून त्यांनी या सगळ्या पेशी गर्भातल्या, चेतापेशी घडवणाऱ्या चेता-शिखेतून निघून आतड्यात येत असणार असं मांडलं. कल्पना आकर्षक होती, वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली. मग फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या गर्भातली चेता-शिखा कोंबडीच्या गर्भात बसवली. लाव्याच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं, त्यामुळे प्रत्येक पेशी कुठून आली ते दिसत होतं. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी लाव्याच्या निघाल्या. संप्रेरक-पेशी मात्र कोंबडीच्याच, आतड्याच्या स्वतःच्या अस्तरातल्या. पिअर्स यांचं निरीक्षण बरोबर होतं, त्यावरून काढलेला उगम चुकीचा. ‘आतड्यात होतं म्हणून स्वादुपिंडातही होणार’ हा त्याच जातीचा निष्कर्ष आहे, फक्त त्यामागे पिअर्स यांची मेहनत नाही.

आता उंदरांचे दाखले. 2010 मध्ये जिनिव्हाच्या पेद्रो हेरेरा यांच्या गटाने उंदरांतल्या जवळजवळ सगळ्या बीटा पेशी नष्ट केल्या, उंदरांना इन्सुलिन देऊन जगवलं आणि महिन्यांनंतर काही अल्फा पेशी इन्सुलिन बनवताना पाहिल्या. उत्तम प्रयोग. पण त्यातले उंदीर जगले ते इन्सुलिनवर, हा भाग इन्सुलिन सोडायला सांगणारे वगळतात. 2012 मध्ये डोमेनिको अचिली यांच्या गटाने उंदराच्या आतड्यातल्या संप्रेरक-पेशींमधून फॉक्सओ-1 हे जनुक काढलं आणि त्या इन्सुलिन बनवू लागल्या. हेही खरं. जनुक काढून टाकणं ही शस्त्रक्रियेसारखी अचूक क्रिया आहे; काढा प्यायल्याने कुणाचं जनुक निघत नाही.

एका साध्या औषधानेही हे होतं, अशी बातमी 2017 मध्ये आलीच होती. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन वर्गातल्या औषधांनी आणि गाबा या रेणूने अल्फा पेशींच्या बीटा पेशी होतात, असे दोन निबंध एकाच वेळी नामांकित नियतकालिकात छापून आले. बातमी जगभर गेली, आपल्याकडेही आली. 2018 मध्ये इतर गटांनी खुणा केलेल्या पेशींवर तेच प्रयोग केले. आर्टेमेथरने अल्फाची बीटा झाली नाही, उलट बीटा पेशींची ग्लुकोज ओळखण्याची क्षमता बिघडलेली दिसली. गाबाचंही रूपांतर दिसलं नाही. 2013 मधलं बीटाट्रॉफिन आठवा. उंदरांत या संप्रेरकाने बीटा पेशी झपाट्याने वाढतात, असं मेल्टन यांच्याच प्रयोगशाळेने जाहीर केलं. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप 1 मधुमेह आहे. त्यांना हा निष्कर्ष खरा ठरायला किती हवा असेल. इतर गटांना तो आढळला नाही तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा प्रयोग केले, परिणाम टिकला नाही, आणि 2016 च्या अखेरीस निबंध मागे घेतला. ज्या दिवशी काढा विकणारी एखादी संस्था आपला दावा असा मागे घेईल, त्या दिवशी मी तिच्या पुढच्या दाव्याकडे आदराने पाहीन.

‘पण आमच्या ओळखीच्यांचा मधुमेह खरंच गेला’ हे वाक्य मी नाकारत नाही. टाइप 2 मध्ये ते घडतं. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या डायरेक्ट या चाचणीत कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या गटातले 46 टक्के लोक वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. पण त्यात घेतलेले लोक सहा वर्षांच्या आतले मधुमेही होते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना मुळातच वगळलं होतं. त्यांच्या बाबतीत चरबी आणि साखरेच्या भाराखाली दबलेल्या, ओळख हरवत चाललेल्या बीटा पेशी भार उतरल्यावर कामाला लागल्या. त्या पेशी आधीपासून तिथेच होत्या. असलेल्या पेशीने काम सुरू करणं आणि नसलेली पेशी उगवणं या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली विकल्या जातात, आणि सगळा घात तिथे होतो.

इन्सुलिनने स्वादुपिंड आळशी होतं, हेही उलटं आहे. चीनमध्ये नव्याने टाइप 2 निदान झालेल्यांना सुरुवातीलाच थोडे दिवस इन्सुलिन दिलं, तर गोळ्या दिलेल्यांपेक्षा अधिक जण वर्षानंतर औषधांविना राहिले, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. थकलेल्या पेशीला विसावा मिळाला.

टाइप 1 मध्ये तर हाच विसावा फसवा ठरतो. मुलाचं निदान होतं, इन्सुलिन सुरू होतं, साखर उतरते, आणि वाचलेल्या थोड्या बीटा पेशी काही आठवडे, कधी काही महिने, बरं काम करतात. इन्सुलिनची गरज निम्म्यावर येते. नेमका याच वेळी घरात कुणी चूर्ण आणून दिलेलं असतं. आईला दिसतं की चूर्ण सुरू केल्यापासून युनिट कमी झाले. ती खोटं बोलत नसते. तिने वहीत रोज आकडे लिहिलेले असतात. पण प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबलेला नसतो आणि उरलेल्या पेशीही जातात. तेव्हा इन्सुलिन पूर्ण थांबलं, तर एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी, खोल धापा, श्वासाला फळासारखा वास, आणि मग शुद्ध हरपणं. इन्सुलिनचे उपचार येण्याआधी, 1922 पूर्वी, टाइप 1 झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा शेवट हाच होता. ‘यशोगाथा’ म्हणून छापलेले आकडे बहुधा त्या पहिल्या महिन्यांचे असतात. त्यानंतरचं कुणी छापत नाही.

बीटा पेशी नव्याने बनवता येतच नाहीत, असं मी म्हणत नाही. येतात, आणि त्याचं श्रेय गर्भातला हा क्रम समजून घेणाऱ्यांना आहे. 2014 मध्ये मेल्टन यांच्या आणि व्हँकूव्हरच्या टिमथी कीफर यांच्या गटांनी मानवी मूलपेशींना प्रयोगशाळेत पायरीपायरीने याच वाटेने नेलं: आधी नळीचं अस्तर, मग पीडीएक्स-1, मग न्यूरोजेनिन-3, मग इन्सुलिन. काही आठवड्यांची ही वाट, आणि पायरी चुकली तर पेशी वाया. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून दिलेल्या 12 टाइप 1 रुग्णांपैकी 10 जण वर्षानंतर इन्सुलिनविना होते. आनंदाची बातमी आहे. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि त्या चाचणीत एका रुग्णाचा मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाला. ज्यांनी हे साधलं ते किंमत उघडपणे सांगतात.

आपल्याकडे या विषयात करण्यासारखं काही नाही असंही नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने आपली बाळं कमी वजनाची पण चरबी राखून जन्मतात हे दाखवलं. बीटा पेशींची पुंजी गर्भात आणि बालपणी जमते हे मान्य असेल, तर गर्भारणीच्या ताटाकडे पाहणं हे चूर्णावर पैसे घालण्यापेक्षा कितीतरी गरजेचं आहे.

दावा करणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे आणि ती अवघड नाही. शरीर इन्सुलिनचा प्रत्येक रेणू बनवताना सी-पेप्टाइडचाही एक रेणू बनवतं. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणून रक्तातल्या सी-पेप्टाइडवरून स्वतःच्या बीटा पेशी किती काम करतात ते कळतं, आणि ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. टाइप 1 होऊन पाच वर्षं उलटलेल्या, सी-पेप्टाइड नगण्य झालेल्या रुग्णांना तुमचा उपचार द्या, इन्सुलिन चालू ठेवून द्या, आणि वर्षानंतरचे आकडे स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून समोर ठेवा. स्वादुपिंड सुरू झालं असेल तर ते तिथे दिसेलच, इन्सुलिन बंद करून मुलाचा जीव पणाला लावायची गरज नाही.

आणि तोवर जाहिराती थांबवा. औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. ज्या आजारांवर उपचाराच्या जाहिराती करायला तो मनाई करतो, त्यांच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. ही मनाई जाहिरात देणाऱ्याला लागू आहे तशी ती छापणाऱ्यालाही आहे. ज्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अशी पत्रकं जाहिरात म्हणून आजही येतात, त्यांच्या संपादकांनी उद्याच्या अंकापासून ती नाकारावीत.